गावाकडच्या रस्त्यांनी एका दिवसाची निवांत रोड ट्रिप: मोबाइलवर प्लॅन कसा करायचा? (पुणे–सासवड–नारायणपूर उदाहरणासह)

रविवारी सकाळी निघायचं, हायवे सोडून आतल्या रस्त्यांनी फिरायचं, वाटेत कुठेतरी चहा, कुठेतरी देऊळ, आणि अंधार पडायच्या आत घरी. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? मॅपवर तीन ठिकाणं टाकतो, मॅप पुन्हा हायवेलाच नेतो. तिथून हट्टानं बाहेर पडलो, तर शेताच्या बांधावर आणून सोडतो. नेमकी तेव्हाच रेंज जाते. मागच्या सीटवर आई-बाबा किंवा लहान मुलं असतील, तर ट्रिपची मजा तिथेच संपते.

चूक मॅपचीही नसते आणि आपलीही नसते. मॅप "लवकर पोहोचवणं" हे काम करतो, आपल्याला "निवांत फिरणं" हवं असतं. हा फरक समजला की तेच अ‍ॅप आपल्याला हवं तसं वापरता येतं. या लेखात आपण मॅप रस्ता कसा निवडतो, छोट्या रस्त्याची खात्री कशी करायची, रेंज नसताना काय चालतं आणि काय नाही, आणि आदल्या रात्री काय तयारी ठेवायची हे सगळं बघणार आहोत. उदाहरण म्हणून पुण्याहून सासवड–नारायणपूर–नसरापूर असा गोल घेतलाय. तुम्ही नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूरला राहत असाल तरी पद्धत तीच. चला तर मग, सुरुवात करूया.

१. आधी अंतर नाही, वेळ मोजा

आपण नेहमी विचारतो, "किती किलोमीटर आहे?" गावाकडच्या रस्त्यावर हा प्रश्न फारसा कामाचा नाही. हायवेवर १०० किलोमीटर म्हणजे दीड-दोन तास. आतल्या रस्त्यावर स्पीडब्रेकर, वळणं, आठवडी बाजार, रस्त्यात उभ्या म्हशी, समोरून येणारी एसटी, हे सगळं धरलं तर ताशी २५ ते ३० किलोमीटरचा सरासरी वेग पकडावा. त्यापेक्षा जास्त धरला की दिवसभर घड्याळाकडे बघत बसावं लागतं.

एका दिवसाच्या निवांत ट्रिपसाठी तीन साधे नियम:

- दीडपटीचा नियम: अ‍ॅप गाडी चालवण्याचा जेवढा वेळ दाखवेल, त्याच्या दीडपट धरा. ३ तास दाखवले तर साडेचार.
- चाळीस टक्क्यांचा नियम: बाहेर असलेल्या एकूण वेळापैकी गाडी चालवण्याचा वेळ ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. १० तासांच्या दिवसात ४ तास ड्रायव्हिंग पुरे.
- सूर्यास्ताचा नियम: छोटे रस्ते सूर्यास्ताच्या निदान एक तास आधी संपवून मोठ्या रस्त्याला लागा.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. पुण्यात जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, पण नोव्हेंबरच्या शेवटी आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आसपासच. म्हणजे उन्हाळ्यात जमलेला प्लॅन थंडीत तसाच्या तसा चालत नाही, सव्वा तास कमी पडतो. त्यात थंडीचे दिवस म्हणजे ऊसतोडणीचा हंगाम. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात दिसते तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो.

२. मॅप रस्ता निवडतो तरी कसा?

मॅपच्या दृष्टीनं रस्त्यांचं एक मोठं जाळं असतं. प्रत्येक तुकड्याला एक वेळ चिकटवलेली असते: हा तुकडा पार करायला किती मिनिटं लागतील. तुम्ही ठिकाण टाकलंत की अ‍ॅप कमीत कमी मिनिटांची साखळी शोधतं. तुकड्याची वेळ कुठून येते? मुख्यतः त्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोबाइलच्या वेगावरून. हायवेवर दर मिनिटाला शेकडो फोन जातात, म्हणून तिथला अंदाज बरोबर येतो. आतल्या रस्त्यावर तासाला चार गाड्या गेल्या तर माहितीच तुटपुंजी. मग रस्त्याचा प्रकार आणि जुना अनुभव यावर अंदाज बांधला जातो.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली: छोट्या रस्त्यावर ट्रॅफिकची लाल रेषा दिसत नाही म्हणजे रस्ता मोकळा आणि चांगला आहे असं नाही. कदाचित तिथून कोणी जातच नसेल!

दुसरी: अ‍ॅपला "४ मिनिटं वाचतात" एवढंच कळतं. त्या ४ मिनिटांसाठी खडी, चिखल किंवा अरुंद मोरी पार करावी लागेल हे त्याला माहीत असेलच असं नाही. म्हणून वाटेत "फास्टर रूट" असं सुचवलं तर हायवेवर हो म्हणायला हरकत नाही. गावाकडच्या रस्त्यावर मात्र सरळ "नो थँक्स".

३. स्टेप बाय स्टेप: आपला रस्ता मॅपला कसा पटवायचा

आता आपलं उदाहरण घेऊ. स्वारगेटहून बोपदेव घाटानं सासवड, तिथून नारायणपूर, केतकावळे, कापूरहोळ, मग पुणे–सातारा महामार्गानं पुण्याच्या दिशेला येत नसरापूरचं बनेश्वर, आणि घरी. एकूण सुमारे १०० किलोमीटर. सासवडला संत सोपानदेवांची समाधी आणि कऱ्हेकाठचं संगमेश्वर मंदिर, नारायणपूरला जुनं नारायणेश्वर मंदिर आणि दत्तमंदिर, केतकावळ्याला बालाजी, नसरापूरला झाडीतलं बनेश्वर. समोर सतत पुरंदर आणि वज्रगडाची जोडी. हंगाम असेल तर अंजीर आणि सीताफळ रस्त्याकडेलाच मिळतं.

हे सगळं टाकायचं कसं?

स्टेप १: गूगल मॅप्समध्ये "डायरेक्शन्स" उघडा. सुरुवात स्वारगेट आणि शेवटचं ठिकाणही स्वारगेट. हो, दोन्हीकडे तेच, कारण आपल्याला गोल फिरून यायचंय.

स्टेप २: तीन टिंबांवर टॅप करून "अ‍ॅड स्टॉप" निवडा. एका रूटमध्ये ९ थांबे टाकता येतात. आपल्याला पाच-सहा पुरतात.

स्टेप ३: फक्त बघायची ठिकाणं टाकू नका. जिथून अ‍ॅप दुसरीकडे पळू शकतं, तिथे एक "खुंटी" ठोका. उदाहरणार्थ, पुण्याहून सासवडला दिवे घाटानंही जाता येतं आणि बोपदेव घाटानंही. आपल्याला बोपदेव हवा असेल तर घाटातल्या रस्त्यावर बोट दाबून पिन टाका आणि तो थांबा म्हणून जोडा. नाहीतर त्या दिवशी जो रस्ता दोन मिनिटांनी कमी दिसेल त्यावर अ‍ॅप उडी मारतं.

स्टेप ४: गावाचं नाव थांबा म्हणून टाकताना जपून. नुसतं नाव टाकलं की पिन बरेचदा गावठाणाच्या मधोमध पडते आणि अ‍ॅप तुम्हाला गल्लीत शिरायला सांगतं. त्याऐवजी फाट्यावर किंवा मुख्य रस्त्यावरच पिन टाका.

स्टेप ५: थांबे वर-खाली ओढून क्रम लावा, मग झूम करून पूर्ण रेषा एकदा बोटानं फिरून बघा. कुठे विचित्र वळसा दिसला तर समजायचं की पिन रस्त्याच्या बाजूला पडलीय.

स्टेप ६: "शेअर" करून लिंक घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. मागच्या गाडीतल्यांनाही तीच लिंक द्या.

"अव्हॉइड हायवेज" नावाचा पर्यायही आहे, पण आम्ही तो सरसकट सुचवत नाही. तो चालू केला की अ‍ॅप मोठे रस्ते टाळायच्या नादात फारच लहान रस्ते निवडू शकतं. खुंट्या ठोकणं जास्त भरवशाचं. "अव्हॉइड टोल्स"चंही तसंच. आपल्या गोलात परतीच्या वाटेवर खेड शिवापूरचा टोलनाका आहे. तो टाळायला म्हणून संध्याकाळी अनोळखी रस्त्यात शिरण्यापेक्षा फास्टॅगमध्ये बॅलन्स ठेवलेला बरा.

ज्यांना कॉम्प्युटरवर बसून सविस्तर आखणी आवडते त्यांच्यासाठी "गूगल माय मॅप्स" आहे. त्यात थर करून ठिकाणं लावता येतात, रेषा काढता येते, टिपा लिहिता येतात. पण तिथे काढलेली रेषा मोबाइलवर "डावीकडे वळा" असं बोलून दाखवत नाही. ती फक्त बघायला. नेव्हिगेशनसाठी वरचीच पद्धत वापरा.

४. छोटा रस्ता खरंच गाडीजोगा आहे का? पाच तपासण्या

सॅटेलाइट व्ह्यू: रस्त्याची रेषा खऱ्या रस्त्यावर बसते का बघा. करडा, एकसारखा पट्टा म्हणजे बहुधा डांबर किंवा काँक्रीट. तांबूस-मातकट पट्टा म्हणजे मुरूम. दोन समांतर चाकोऱ्या आणि मध्ये गवत दिसलं तर ती बैलगाडी-ट्रॅक्टरची वाट. मात्र हे फोटो जुने असू शकतात.

स्ट्रीट व्ह्यू आणि फोटो: भारतात जुलै २०२२ मध्ये स्ट्रीट व्ह्यू पुन्हा सुरू झालं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे, नाशिक आणि अहमदनगर होतं. आतल्या गावात ते नसेल, तर जवळच्या देवळाचे, ढाब्याचे किंवा शाळेचे लोकांनी टाकलेले फोटो बघा. फोटोच्या कडेला रस्ता दिसतोच. फोटोची तारीखही बघा.

रस्त्याचा दर्जा: आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते अशी उतरंड आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर मैलाच्या दगडाचा रंग बघा. वरचा भाग पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, केशरी म्हणजे ग्रामसडक योजनेतला रस्ता. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतले रस्ते साधारणपणे ३.७५ मीटर रुंदीचे असतात, कमी रहदारी असेल तिथे ३ मीटरचेही. म्हणजे समोरून गाडी आली की एका बाजूची चाकं साइडपट्टीवर उतरवावी लागणार. पावसाळ्यात हीच साइडपट्टी मऊ झालेली असते, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या नकाशाशी पडताळणी: गूगलशिवाय ओपनस्ट्रीटमॅप नावाचा, लोकांनी मिळून बनवलेला नकाशा आहे. २००४ पासून सुरू आहे. त्यात रस्ता डांबरी की कच्चा अशी नोंद करता येते आणि कच्ची वाट तुटक रेषेनं दाखवली जाते. गूगलवर जाड दिसणारा रस्ता इथे तुटक दिसला तर शंका घ्या.

एसटीची परीक्षा: ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात भरवशाची. थांबून विचारा, "काका, या रस्त्यानं एसटी जाते का?" जात असेल तर तुमची गाडी आरामात जाईल. नुसतं "रस्ता आहे का?" असं विचारलंत तर उत्तर नेहमी "हाय की!" असंच येतं. कारण त्यांची मोटारसायकल तिथून रोज जाते. "पुढे डांबरी आहे का?", "ओढ्याला पाणी आहे का?", "फोर व्हीलर गेली का आज?" असे नेमके प्रश्न विचारा.

५. रेंज गेली तर? जीपीएस आणि ऑफलाइन मॅप

बऱ्याच जणांना वाटतं की नेट गेलं म्हणजे मॅप बंद. तसं नाही. जीपीएस आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सिग्नल पाठवतात. तुमचा फोन फक्त ते ऐकतो आणि निदान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की आपली जागा काढतो. यासाठी सिमकार्डसुद्धा लागत नाही. नेट लागतं ते नकाशाचं चित्र, ट्रॅफिक आणि नवा रूट शोधण्यासाठी.

मग रेंज नसताना "सर्चिंग फॉर जीपीएस" का येतं? उपग्रह नेमके कुठे आहेत ही माहिती फोन एरवी नेटवरून पटकन घेतो. नेट नसलं की तीच माहिती त्याला उपग्रहाच्या अतिशय मंद सिग्नलमधून घ्यावी लागते, त्यात अर्धा मिनिट किंवा जास्तही जातं. म्हणून रेंज असतानाच नेव्हिगेशन सुरू करा आणि मध्येच बंद करू नका. थोडा वेळ लागला तर घाबरू नका, फोन उघड्या आकाशाखाली धरा.

ऑफलाइन मॅप डाउनलोड कसा करायचा?

१. घरच्या वायफायवर गूगल मॅप्स उघडा, वरच्या प्रोफाइल फोटोवर टॅप करा.
२. "ऑफलाइन मॅप्स" आणि मग "सिलेक्ट युवर ओन मॅप" निवडा.
३. चौकोनात तुमचा पूर्ण गोल आणि चारी बाजूंनी थोडा जास्त भाग येईल असं झूम करा. आपल्या उदाहरणात पुणे, सासवड, जेजुरी आणि भोर आत यायला हवं. रस्ता चुकलात तर त्या जास्तीच्या भागाचाच उपयोग होतो.
४. "डाउनलोड" करा आणि नाव द्या. मग फ्लाइट मोड लावून एकदा रूट शोधून बघा. ही चाचणी घरीच करायची, घाटात नाही!

ऑफलाइनमध्ये गाडीचा रूट मिळतो. पण लाइव्ह ट्रॅफिक, पर्यायी रूट, चालत जायचा रस्ता हे मिळत नाही. डाउनलोड केलेला मॅप काही काळानं कालबाह्य होतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी अपडेट करा.

जोडीला ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड यापैकी एक अ‍ॅप ठेवा. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप वापरतात आणि पूर्ण ऑफलाइन चालतात. मॅपमायइंडियाचं मॅपल्स हे भारतीय अ‍ॅपही पडताळणीसाठी चांगलं आहे. गाडीत दोन फोन असतील तर एकावर गूगल, दुसऱ्यावर दुसरं अ‍ॅप, आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं.

एक मर्यादा मात्र सगळ्यांनाच आहे. घाटात डोंगराची भिंत आकाश अडवते, तिथे निळा ठिपका इकडे-तिकडे उडतो. महामार्गावर उड्डाणपूल आणि खालचा सेवा रस्ता शेजारी-शेजारी असले की आपण वर आहोत की खाली, हे फोनला नीट कळत नाही. अशा जागी आवाजावर न जाता पाटी वाचा.

६. पत्ता नसलेली जागा कशी कळवायची?

"वडाच्या झाडापासून डावीकडे" हा पत्ता मॅपला कळत नाही. मित्राच्या शेतावर जेवायला जायचं असेल तर दोन सोयी आहेत.

प्लस कोड: मॅपवर कुठेही बोट दाबून पिन टाकली की खाली अक्षरं-आकड्यांचा छोटा कोड दिसतो. पूर्ण कोड साधारण १४ मीटर बाय १४ मीटरचा चौकोन दाखवतो. फोनवर बोलूनही सांगता येतो.

डिजिपिन: टपाल खात्यानं २०२५ मध्ये आणलेला १० अक्षरांचा कोड. देशभराचे साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला कोड दिलाय.

मित्राला म्हणावं, "बाबा, गेटवर उभा राहा आणि तिथूनच लोकेशन पाठव." घरात बसून पाठवलेलं लोकेशन बरेचदा मागच्या बाजूच्या रस्त्याला नेऊन सोडतं.

७. पाणी दिसलं तर मॅप बंद, डोकं चालू

आता थोडं गंभीर. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्रीच्या अंधारात अकोले तालुक्यातल्या कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. तिथला पूल पाण्याखाली होता, मॅप मात्र तोच रस्ता दाखवत होता. दोघे बाहेर पडू शकले, गाडी चालवणाऱ्याचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगा नदीवरच्या अर्धवट पुलावरून कार खाली पडून तिघे गेले. तिथेही नेव्हिगेशन सुरू होतं.

दोन्ही घटना पावसाळ्यातल्या नाहीत, हे बघा. धरणाचं पाणी जानेवारीतही चढलेलं असतं. पूल कोणत्याही महिन्यात तुटलेला असू शकतो. स्थानिक माणसाला हे माहीत असतं, कारण तो रोज तिथून जातो किंवा जाणं सोडून देतो. अ‍ॅपला कोणीतरी कळवेपर्यंत समजत नाही.

म्हणून हे पक्कं ठरवा:

- रस्त्यावर पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. सुमारे ३० सेंटीमीटर पाण्यात छोटी कार तरंगायला लागू शकते, ६० सेंटीमीटर वाहतं पाणी बहुतेक गाड्या ओढून नेतं.
- रस्ता ओळखीचा नसेल आणि अंधार पडला असेल, तर छोटा रस्ता घ्यायचाच नाही. २० किलोमीटर जास्त पडले तरी मोठ्या रस्त्यानं जायचं.
- दगड, फांद्या किंवा पिंप आडवं ठेवलेलं दिसलं तर तो गावकऱ्यांनी लावलेला "रस्ता बंद"चा बोर्ड समजा.
- समोरून बराच वेळ एकही गाडी आली नाही तर थांबा आणि विचारा. सरळ मागे फिरायला लाज कसली?

८. तारीख निवडताना कॅलेंडरही बघा

मॅपवरच्या "पॉप्युलर टाइम्स"मध्ये ठिकाणाची नेहमीची गर्दी दिसते, पण तिथीवर जमणारी गर्दी त्यातून कळत नाही. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी येते, त्या वेळी या भागातली वाहतूक वळवलेली असते. नारायणपूरला गुरुवार, पौर्णिमा आणि दत्तजयंतीला मोठी गर्दी. सोमवती अमावस्येला जेजुरीकडे लोंढा. महाशिवरात्रीला बनेश्वर भरलेलं. निवांतपणा हवा असेल तर हे दिवस सोडा, आणि यात्राच बघायची असेल तर मुद्दाम धरा. फक्त मग वेळेचा हिशोब वेगळा.

पुरंदर किल्ला याच वाटेवर आहे. १६५७ मध्ये संभाजी महाराजांचा जन्म इथला, १६६५ चा तहही इथलाच. तो बघायचा मोह होणारच. पण किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र लागतं, वेळा ठरलेल्या असतात आणि नीट बघायला तीन तास हवेत. तो घ्यायचा असेल तर केतकावळे आणि बनेश्वर सोडा. सगळं एका दिवसात कोंबलं तर काहीच बघून होत नाही.

९. नमुना वेळापत्रक (थंडीचे दिवस)

- ७:०० – स्वारगेटहून निघणं, बोपदेव घाट
- ८:१५ – सासवड, नाश्ता, सोपानदेव समाधी, संगमेश्वर
- ९:४५ – सासवडहून निघणं
- १०:१५ – नारायणपूर
- ११:३० – निघणं
- ११:४५ – केतकावळे
- १:०० – निघणं
- १:२० – कापूरहोळ परिसरात जेवण (ढाबा किंवा घरचा डबा)
- २:२० – निघणं
- २:४५ – बनेश्वर, झाडीत आराम
- ४:०० – परतीचा प्रवास
- ५:३० – स्वारगेट

साडेदहा तासांचा दिवस, त्यात गाडी चालवणं सव्वाचार तास. उशीर झालाच तर बनेश्वर सोडून थेट घरी यायचं. प्रत्येक प्लॅनमध्ये असा एक "सोडून देता येईल" असा थांबा ठेवा आणि तो शेवटी ठेवा.

१०. आदल्या रात्रीची चेकलिस्ट

- ऑफलाइन मॅप अपडेट, फ्लाइट मोडमध्ये चाचणी
- फोन फुल चार्ज, कार चार्जर आणि केबल, पॉवर बँक
- मोबाइल होल्डर एसीच्या झोताजवळ. काचेजवळच्या उन्हात फोन तापतो आणि चार्जिंग थांबतं
- अर्ध्याहून जास्त टाकी. मोठ्या गावातच पेट्रोल भरून घ्या
- चारही चाकांत आणि स्टेपनीत हवा, जॅक आणि पाना
- लायसन्स आणि आरसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये. रेंज नसेल म्हणून मूळ कागद जवळ असलेले चांगले
- सुट्टे पैसे. नेट नसलं की क्यूआर कोड असूनही चहावाल्याला पैसे देता येत नाहीत
- पाणी, औषधं, टॉर्च
- घरी एकाला प्लॅनची लिंक. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन ८ तासांपर्यंत ठेवता येतं

आणीबाणीचे नंबर: ११२ (सर्व मदत), १०८ (रुग्णवाहिका), १०३३ (राष्ट्रीय महामार्ग). फोनवर "इमर्जन्सी कॉल्स ओन्ली" दिसत असलं तरी ११२ दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. जागा सांगताना मैलाच्या दगडावरचा आकडा आणि शेवटचं गेलेलं गाव सांगा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाडी चालवताना मॅपसाठी मोबाइल वापरणं कायद्यानं चालतं का?
ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनुसार फक्त रस्ता बघण्यासाठी, आणि लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनं चालतं. म्हणजे होल्डरमध्ये लावून, आवाज चालू ठेवून. हातात धरून टाइप करणं नाही. बदल करायचा तर शेजारच्यानं करावा किंवा गाडी बाजूला घ्यावी.

बाइकवर जाणार असू तर?
भारतात गूगल मॅप्समध्ये टू-व्हीलर मोड आहे. पण तो कारला न जमणाऱ्या अरुंद वाटाही सुचवतो. सोबत कार असेल तर सगळ्यांनी कारचाच रूट घ्या.

मॅप पुन्हा पुन्हा हायवेला नेतो, काय करू?
दोन थांब्यांच्या मध्ये रस्त्यावरच एक पिन टाका. तेवढ्यानंही नाही जमलं तर पूर्ण ट्रिप न लावता एका वेळी एकच टप्पा लावा.

रेंज शोधण्यात बॅटरी उतरते का?
हो. सिग्नल कमकुवत असला की फोन जास्त ताकद लावतो. रेंजच नसेल तर फ्लाइट मोड लावा. बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरीही चालू राहतं. फक्त त्या वेळात तुम्हाला कोणाचा फोन येणार नाही आणि लाइव्ह लोकेशनही थांबेल, हे घरी सांगून ठेवा.

शेवटी एवढंच

मॅप म्हणजे गाडीतला एक हुशार पण थोडा घाईतला सोबती. तो रस्ता सांगेल. पुढे पाणी आहे का, डांबर संपलंय का, हे मात्र फाट्यावरचा चहावाला सांगेल. दोघांचंही ऐका आणि मतभेद झाला तर चहावाल्याचं ऐका. एखादं ठिकाण राहून गेलं तर पुढच्या रविवारी पुन्हा जाता येतं, त्यात काय!

तुमच्या भागातला असा एखादा निवांत गोल आम्हाला नक्की कळवा, आणि ही माहिती उपयोगी वाटली तर ट्रिपला जाणाऱ्या मित्र-मैत्रिणींना पाठवायला विसरू नका.